निहाली बोली आणि म्हैसूरची कचेरी

आपल्या पावस गावी दगड रचून केलेल्या कुंपणाला आपण गडगा म्हणतो. पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतो. हे शब्द पुस्तकात क्वचितच दिसतात. आपण बोलतो म्हणून ते टिकले. शब्दाचं जे, तेच सबंध बोलीचं.

बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव-जामोद तालुका आहे. तिथे आणि पलीकडे मध्य प्रदेशात निहाली बोलणारी माणसं राहतात. ती अवघी दोन-अडीच हजारांच्या आसपास. निहालीत पाण्याला 'जोप्पो' म्हणतात. मराठी, कानडी, कोरकू अशा कोणत्याच भाषेच्या कुळात ही बोली बसत नाही. तिला सख्खी बहीण नाही. ती गेली, तर तिच्यासारखी दुसरी नाही.

बोली जाते कशी? बाजारात, मजुरीवर, शाळेत दुसरी भाषा लागते. मग घरातही तीच शिरते. आजा बोलतो, बापाला समजतं, नातवाला समजत नाही. झालं, बोली संपली!

अशा बोलींसाठी केंद्र सरकारची एक कचेरी म्हैसूरला आहे. तिचं नाव भारतीय भाषा संस्थान. ती १९६९ साली निघाली. दहा हजारांहून कमी माणसं बोलतात अशा बोली राखण्याचं काम २०१३ साली तिच्याकडे आलं. जनगणनेच्या छापील यादीत या बोलींना वेगळं नावही नसतं. जाणकार गावात जाऊन बसतात. 'याला काय म्हणता? त्याला काय म्हणता?' असं विचारतात. बोलणं यंत्रावर टिपून घेतात. त्यातून शब्दकोश व व्याकरण तयार होतं. भाषेचे अभ्यासक के. एस. नागराजा यांचं निहालीवरचं पुस्तक या संस्थेने २०१४ साली छापलं.

पण पुस्तक म्हणजे कणगीत राखलेलं बियाणं. पेरणी घरातच व्हायला हवी. आईबापांनी पोरांशी बोललं, तरच बोली उगवते.

आपल्या जिल्ह्यातही कातकरी मंडळी आहेत. त्यांचीही स्वतःची बोली आहे. आम्ही पुष्कळ वर्षं शाळेत काढली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. पोराच्या बोलीला हसलं की पोर गप्प होतं. म्हणून कुणाच्या बोलीला हसू नका. एवढं काम तर कचेरीवाचूनही होतं.

प्रश्न
१. निहालीत पाण्याला काय म्हणतात?
२. म्हैसूरची कचेरी बोलींसाठी काय करते?
३. पुस्तक छापलं तरी बोली का संपू शकते?

करून पाहा : घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या बोलीतले पाच जुने शब्द वहीत लिहा.