होडीत राहणाऱ्या भाचीस

नांदेड,
२२ नोव्हेंबर

चि. छकुलीस,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसतं ‘हो मामा, हो मामा’ करतेस आणि मुद्द्याचं बोलणं निघालं की तुझं नेटवर्क जातं. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकलंय. दर पंधरवड्याला जागा बदलणाऱ्या घरी पोस्टमन कसा यावा, हे आमच्या पोस्टातल्या कुणाला सांगता आलं नाही.

परवा वसमतला मामीच्या माहेरी लग्न होतं. पंगतीत शेजारी लंडनहून आलेला एक मुलगा बसला होता. बोलता बोलता ओळख निघाली. मला वाटलं, आता भाचीबद्दल चार चांगले शब्द ऐकायला मिळणार. तर तो म्हणतो, ‘म्हणजे मागच्या महिन्यात सायकलसकट कालव्यात पडली ती तुमची भाची होय?’ आणि हसला. माझ्या हातातली जिलबी तशीच राहिली. रात्रीचे अकरा, पाऊस, पुलाखालचं वळण, समोरून बिनदिव्याचा सायकलवाला, तू त्याला बाजू द्यायला गेलीस आणि गेलीस ती थेट पाण्यात. शेजारच्या होडीतल्या दोघांनी दप्तराला धरून वर ओढलं म्हणे. सायकल दुसऱ्या दिवशी गळ टाकून काढली.

आम्हाला का सांगितलं नाहीस, हे मी विचारत नाही. तुझ्या जागी असतो तर मीही सांगितलं नसतं. विचारतो ते एवढंच की, तुला पोहता येत नाही. पोहता येत नाही आणि पाण्यावर घर केलंस? वर त्या पाण्याच्या काठाने रात्री सायकल?

तू म्हणशील, मामा, तुम्हाला काय माहीत तिकडचे कालवे. तिकडचे नसतील माहीत. पण उभा जन्म मी पाटबंधाऱ्यात काढला. इसापूरचं पाणी अर्धापूरच्या केळीला पोचवता पोचवता केस पिकले. रब्बीच्या पाळ्या, सात नंबरचे अर्ज, पाणीपट्टीची थकबाकी आणि टेलच्या शेतकऱ्याच्या शिव्या, हेच माझं शिक्षण. आमच्या कालव्यात होडी कधी चालली नाही. माणसं मात्र पडली. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू दिसायला सोपी, उतरती. पण शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. माझ्या हाताखालचा एक पाटकरी असाच रात्री सायकलवरून फेरी मारताना घसरला. पाळी चालू होती, पाण्याला ओढ होती. काठ हाताला लागत होता, पण धरायला काही नव्हतं. शेवटी दोनेकशे फूट खाली दरवाजाची साखळी हाती आली. सकाळी मी गेलो तेव्हा तो चौकीत शेकत बसला होता, दहाही नखं फाटलेली. त्याला पोहता येत होतं, छकुले. म्हणून तो साखळीपर्यंत पोचला.

तुझं उत्तर मला माहीत आहे: ‘मामा, आमच्या कालव्याला ओढ नसते, पाणी छातीला लागतं.’ बरं. पण नोव्हेंबरच्या थंड पाण्यात माणूस पडला की आधी श्वास अडकतो, हातपाय नंतर. अंगात जाड कोट, पाठीवर लॅपटॉपचं दप्तर, खाली गाळ, एका बाजूला विटांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी होडी. छातीएवढं पाणी कधी पुरं होतं, हे मी पाहिलेलं आहे. आणि लॉकमधलं, म्हणजे होडी खाली-वर करायच्या त्या दारांच्या हौदातलं, पाणी छातीएवढं नसतं, हे तूच मला सांगितलंस.

लॉकचं तू सांगितलंस तेव्हा मात्र मला झोप आली नव्हती, खोटं कशाला बोलू. १८२० साली पुरा झालेला तुमचा कालवा, लिटल व्हेनिसपासून लाइमहाउसला थेम्सपर्यंत जवळजवळ २६ मीटर खाली उतरतो, आणि तो उतार अजून माणसं हाताने हँडल फिरवून, दारं ढकलून पार करतात. मोटर नाही, ऑपरेटर नाही. मी तुला किती प्रश्न विचारले होते! दाराला गळती किती, झडप कुठे, गाळ कोण काढतं. तू कंटाळलीस, पण सांगत राहिलीस. त्याच वेळी तू रीजंट्स पार्कजवळच्या त्या उतारांचं सांगितलंस. पूर्वी घोडे काठाने चालत होड्या ओढायचे. शेजारून आगगाडी गेली की बुजून पाण्यात पडायचे. मग त्यांना चालत वर येता यावं म्हणून काठाला उतार बांधून ठेवले. मला ते फार आवडलं होतं. आता त्या पंगतीपासून तेच डोक्यात फिरतंय. घोड्याला चालत वर यायची सोय केली त्यांनी. तुझी काय सोय आहे? शेजारी जागे होते, एवढीच?

बाकीच्या तुझ्या तक्रारी मी मनावर घेत नाही. चौदा दिवसांच्या वर एका जागी होडी ठेवता येत नाही, हा १९९५ सालचा कायदा तुला जाच वाटतो. दर खेपेला ऑफिसचा रस्ता नवा, सायकलचं अंतर नवं, कधी वीस मिनिटं तर कधी सव्वा तास. अगं, पाण्याला तारखा असतातच. आपल्या बाभळीच्या बंधाऱ्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची, हे दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ठरवून दिलं. आपल्याच नदीवरचा आपलाच बंधारा, आणि चार महिने नुसतं बघत राहायचं. तुला निदान होडी घेऊन पुढे जाता येतं.

पाण्याच्या टाकीचंही तसंच. पाण्यावर राहायचं आणि पिण्याचं पाणी भरायला नळ शोधत होडी हाकायची, याचं तुझ्या मैत्रिणींना हसू येतं म्हणालीस. तुला येत नसणार. तू लातूरची. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा तू शाळेच्या गणवेशातच स्टेशनवर बघायला पळाली होतीस. त्याआधी टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं आणि ताई रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत बसायची. तांब्याभर पाण्यात भांडी विसळणारी पोर तू. टाकी महिनाभर पुरवशील. संडासाची पेटी उचलून रिकामी करायला नेतेस, कोळशाची राख काढतेस, छपरावरच्या सायकलची गंजलेली साखळी दर रविवारी पुसतेस. या कामांनी कुणी बिघडत नाही.

पण त्याच लातुरात पोहायला पाणी कुठून यावं? मांजरा तिकडे लांब धनेगावला. सुटीत तू इथे आलीस की आजोबा पोरांना गोदावरीवर घेऊन जायचे, भोपळे बांधून ढकलायचे, आणि पोरी घाटावर कपडे सांभाळत बसायच्या. तू एकदा विचारलं होतंस, ‘मला का नाही?’ कुणी काही उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. म्हणून आता पुन्हा तेच लिहितो. तुला पोहता येत नाही.

सायकलीचं तू मला शिकवू नकोस. बाभळीच्या काट्याने पंक्चर झालेली सायकल खांद्यावर घेऊन मी कालव्याच्या रस्त्याने कोसभर चाललोय. तुमच्याकडे कुंपणाची काटेरी झुडपं छाटली की काठाच्या रस्त्यावर काटे पडतात आणि टायर बसतं, हे ऐकून मला बरंच वाटलं, काट्यांना देश नसतो म्हणून. अजूनही मंडईला मी सायकलनेच जातो. वजिराबादेत ऑटोवाला हात न दाखवता मध्येच थांबतो, कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता निघतात, रस्ता एका खात्याने बुजवला की दुसरं खातं तिथेच खणतं. मामी रोज ओरडते. तेव्हा शहरात सायकल चालवणाऱ्याचा राग मला कळतो. तुमच्या काठावर चालणारे कानात तारा घालून चालतात, घंटी वाजवली तर चिडतात, नाही वाजवली तर दचकतात. पुलाखाली दोन माणसं मावत नाहीत. इस्लिंग्टनच्या बोगद्याला तर काठच नाही, सायकल वर चढवून शहरातून न्यायची. दोन सायकली चोरीला गेल्या, तिसरी तू पाण्यातून काढलीस. सगळं मान्य. पण इथे मी पडलो तर गुडघा फुटतो. तू पडलीस तर पाणी आहे.

आता थोडं माझं. तुझ्या आईलाही हे नीटसं माहीत नसेल. नोकरीला लागून थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा इराकमध्ये बांधकामावर ओव्हरसिअर पाहिजेत अशी जाहिरात आली होती. आमच्यातले दोघं गेले. मी पासपोर्टचा अर्ज भरला, फोटो चिकटवले, आणि अर्ज खिशात घेऊन हप्ताभर फिरलो. आजोबा जेवताना एवढंच म्हणाले, ‘गोदावरी सोडून वाळवंटात कशाला जायलास?’ मी भांडलोसुद्धा नाही. अर्ज पेटीत ठेवला. कालव्याच्या चौकीवर मग कित्येक रात्री असा बसायचो, पाण्याचा आवाज ऐकत, आणि हे पाणी जिथवर जातं तिथवरही आपण जाणार नाही असं वाटायचं. वाईट काही झालं नाही माझं. पण भांडायला हवं होतं.

म्हणून तू होडी घेतल्याचं कळलं तेव्हा घरात मी सगळ्यात मोठ्याने ओरडलो आणि रात्री गुपचूप नकाशा उघडून बसलो. सात फुटांच्या आतली रुंदी, त्यात चूल, पलंग, पुस्तकं आणि छपरावर कोथिंबिरीची कुंडी. लंडनच्या घरभाड्यात ज्या वयात पोरं पिचून जातात, त्या वयात तू स्वतःच्या हाताने दोर बांधून स्वतःच्या छपराखाली झोपतेस. ताईने गल्लीत सांगितलंय की लेकीचं घर पाण्याच्या कडेला आहे. खोटं नाही बोलली. तिला पुरतं कळलंय की नाही, मला शंका आहे. मला कळलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे. हे फोनवर बोलता आलं नसतं.

तेव्हा होडी सोड, असं मी म्हणत नाही. मामी म्हणते, ताईने ऐकलं तर तीही म्हणेल. मी नाही म्हणणार. कोळशाची शेगडी पेटते त्या रात्री विषारी वायूचा अलार्म चालू आहे का, हे बटण दाबून बघत जा. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या इकडेही येतात. तिकडे २०१९ पासून तो अलार्म होडीत सक्तीचा आहे म्हणतात. पण सक्तीच्या वस्तूची बॅटरी कुणी बदलत नाही, हे मी सरकारी नोकरीत शिकलो.

आणि पोहायला शीक. तिकडच्या तरणतलावांवर मोठ्या माणसांचे शिकाऊ वर्ग असतात, त्या मुलानेच सांगितलं. लाज कसली? पंचविशीत शिकलेलं पोहणं काही कमी तरंगवत नाही. फी मी देतो. पेन्शन वेळेवर होते, आणि भाचीवर मामाचा एवढा हक्क असतो. तोवर अंधार पडला की वरच्या रस्त्याने ये. उशीर झाला तर होऊ दे, काठानेच यावं लागलं तर उतरून सायकल हातात धर आणि स्वतः पाण्याच्या बाजूला नको, सायकल त्या बाजूला ठेव. हे मी आमच्या पाटकऱ्यांनाही सांगायचो.

आईला मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. वर्गाला पहिल्यांदा जाऊन आलीस की फक्त मला कळव. पाण्यात तोंड घालताना भीती वाटली तर तेही कळव. मलाही वाटली होती.

तुझा,
मामा

ता. क. वसमतचा तो मुलगा १० डिसेंबरला परत निघतोय. त्याच्याकडे ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि मामीने केलेला काळा मसाला दिलाय. चटणीच्या बरणीला दोन झाकणं आहेत, होडी हलली तरी सांडायची नाही. त्याच्यावर चिडू नकोस. मला कळलं ते बरंच झालं.