आत्मसंरक्षणाचे शस्त्र आणि काडतुसाची निवड

भोपाळ शहराच्या दक्षिण भागात, तलावाच्या काठी शाहपुरा ही वस्ती आहे. घरास घर लागलेले, गच्चीवर वाळवणे, अंगणात खेळणारी मुले. अशा वस्तीत एखाद्या परवानाधारकाने रात्रीच्या भीतीने पिस्तूल उशाशी ठेवले, तर त्यातून सुटणाऱ्या गोळीचा संबंध केवळ चोराशी राहत नाही, शेजाऱ्याशीही येतो. म्हणून शस्त्राइतकाच काडतुसाचाही विचार करणे अगत्याचे ठरते.

नळीचे माप

शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये शस्त्राप्रमाणेच काडतुसांसाठीही परवाना लागतो. ९ मिलिमीटर, .३८ व .४५ ही हातशस्त्रांची मापे सर्वसामान्य नागरिकांस निषिद्ध आहेत. त्यामुळे आपल्याकडे आत्मसंरक्षणार्थ प्रामुख्याने .३२ मापाचेच रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल आढळते. येथे एक मोठी गफलत संभवते. दोहोंवर ‘.३२’ असेच लिहिलेले असले तरी रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब व रुंद कडेचे असते, तर पिस्तुलाचे आखूड असते. ही काडतुसे परस्परांच्या शस्त्रांत वापरू नयेत. शस्त्रावर कोरलेले माप व काडतुसाच्या बुडावरील ठसा पडताळूनच खरेदी करावी.

गोळीचे प्रकार

रिव्हॉल्व्हरची गोळी बहुधा उघड्या शिशाची व गोल टोकाची असते. पिस्तुलाच्या गोळीवर धातूचे आवरण असते, कारण ती यंत्रणेतून अडखळल्याविना सरकावी लागते. तिसरा प्रकार पोकळ टोकाच्या, लागताच पसरणाऱ्या गोळीचा. लागताच पसरणाऱ्या गोळ्या पूर्वी कलकत्त्यानजीकच्या दमदम येथील दारूगोळा कारखान्यातही तयार होत. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांस बंदी घातली. तथापि परदेशांतील अनेक पोलीस दले त्याच वापरतात. पसरलेली गोळी शरीरातच थांबण्याचा संभव अधिक, त्यामुळे पाठीमागच्या निरपराध माणसास धोका कमी, हे त्यामागील कारण होय. परंतु गोळी पसरण्यास पुरेसा वेग लागतो. .३२ च्या मंद गोळीत तो भरवशाने मिळत नाही. म्हणून प्रकाराच्या मोहात न पडता योग्य मापाचे, नवे व कारखान्यात तयार झालेले काडतूस घेणे हेच शहाणपणाचे. गोळी कोणतीही असो, नेम चुकल्यास ती दार, खिडकी वा लाकडी पडदी भेदून पलीकडे जाऊ शकते, हे विसरू नये.

जतन

काडतुसे थंड व कोरड्या जागी ठेवावीत. हिरवट डाग पडलेली, चेपलेली वा बुडाशी गंजलेली काडतुसे वापरू नयेत. घोडा दाबल्यावर बार न झाल्यास नळी सुरक्षित दिशेस धरून काही वेळ थांबावे. शस्त्र व काडतुसे निरनिराळ्या कुलपांत, मुलांच्या हाती न लागतील अशी ठेवावीत. परवान्यावर नमूद संख्येपेक्षा अधिक काडतुसे बाळगणे हा अपराध आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर कपाटात सापडलेले शस्त्र व काडतुसे वारसांनी विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत. ‘वडिलांची आठवण’ म्हणून ती ठेवून घेणे कायद्यास मान्य नाही.

कायद्याची मर्यादा

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी संरक्षणाचा हक्क सांगितला आहे. मात्र बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तेथे हा हक्कच उरत नाही. तसेच लग्नावरातीत आनंदाने बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घालणे २०१९ च्या दुरुस्तीनुसार दंडनीय असून, त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

सारांश, उत्तम काडतूस म्हणजे अधिक संहारक काडतूस नव्हे. जे शस्त्रास योग्य आहे, ज्याचा सराव झाला आहे आणि जे कुलपात सुरक्षित आहे, तेच उत्तम. दाराची भक्कम कडी, अंगणातील दिवा व शेजाऱ्याशी सलोखा यांची जागा मात्र कोणतेही काडतूस घेऊ शकत नाही. शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती आपापल्या गावी जरूर समजावून सांगावी.