भुयार की पाण्याचा बोगदा?

जुना किल्ला किंवा जुने देऊळ असलेल्या गावात गेलात की एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. “इथून तिथपर्यंत भुयार आहे. घोडेस्वार आतून जात असे. आता तोंड बुजले आहे.” गोष्ट सांगणारा खोटे बोलतो असे नाही, कारण जमिनीत काही तरी असतेच. प्रश्न एवढाच की ते काय आहे. तो सोडवायला तुमचे शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

प्रथम थोडे अंकगणित करू. समजा, होटगीपासून सोलापूरच्या किल्ल्यापर्यंत कोणी भुयार खोदले. अंतर सुमारे १५ किलोमीटर. घोडेस्वार राहू द्या, एक माणूस चालेल एवढेच, म्हणजे २ मीटर उंच आणि १ मीटर रुंद भुयार धरू. तेव्हा १५,००० × २ × १ = ३०,००० घनमीटर दगड बाहेर निघेल. आपला काळा पाषाण एका घनमीटरला सुमारे २.८ टन भरतो, म्हणजे एकूण ८४,००० टन झाले. बैलगाडीत अर्धा टन माल घातला तर १,६८,००० खेपा! एवढा दगड गेला कुठे, हे गोष्ट सांगणाऱ्याला अवश्य विचारा. आणखी एक विचारा: पंधरा किलोमीटर लांबीच्या बंद नळीत माणसाला हवा कुठून मिळणार? हवेसाठी मध्ये मध्ये उभी विवरे ठेवावी लागतील, आणि ती ठेवली की भुयार गुप्त राहत नाही.

पण पाणी नेण्यासाठी मात्र माणसाने असे बोगदे खरोखरच खोदले आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये पुण्यात स्वारगेटजवळ मेट्रोचे खोदकाम चालू असता जमिनीखाली एक बोगदा लागला आणि तर्कवितर्कांना सुरुवात झाली. तो जुन्या पाणीपुरवठ्याचा भाग असल्याचे जाणकारांनी सांगितले. त्याच पुण्यात अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणले होते. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरची नहर सतराव्या शतकातली. आणि होटगीकरांना तर उत्तम नमुना पाहण्यासाठी एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. होटगी जंक्शनातून गदगकडे जो रेल्वेचा फाटा जातो, त्यावर सुमारे शंभर किलोमीटरवर विजापूर, म्हणजे आजचे विजयपुर, लागते.

या शहराच्या पश्चिमेला तोरवी गावाजवळ ‘सुरंग बावडी’ आहे. आदिलशाहीच्या काळात तेथून खडकात बोगदा खोदून भूजल शहराकडे वळवले गेले. इराणात या पद्धतीला कनात किंवा कारेज म्हणतात. कल्पना साधी आहे. उंच भागात जमिनीत मुरलेले पाणी जेथे साठते तेथपर्यंत बोगदा न्यायचा आणि त्याला इतका हलका उतार द्यायचा की पाणी आपल्या वजनानेच वाहत शहरात येईल. ना मोट लागते, ना बैल. खोदताना दगड बाहेर काढण्यासाठी आणि पुढे गाळ उपसण्यासाठी बोगद्यावर ठराविक अंतराने उभी विवरे ठेवतात. मराठीत त्यांना ‘उच्छ्वास’ असे छान नाव आहे.

विजापुरात दुसरीही रचना आहे. मुहम्मद आदिलशहाच्या काळात (१६२७ ते १६५६) बांधलेल्या बेगम तलावाचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून शहरात येत असे. नळ उताराने खाली गेला की दाब वाढतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम वजनाएवढा असतो. नळाच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर ते बंद करताच त्यावर १०० किलोग्रॅमचा रेटा येईल. मातीचा नळ तो किती दिवस सोसणार? म्हणून वाटेत मनोरे बांधले. त्यांना ‘गंज’ म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढते, वर उघड्या हवेला येते आणि पुन्हा खाली उतरते. पुढच्या नळावरचा दाब मग तलावाच्या पातळीपासून न मोजता मनोऱ्यातल्या पाण्यापासून मोजायचा. शिवाय गाळही तेथे खाली बसतो. आज हे मनोरे भर वस्तीत एकटेच उभे दिसतात आणि पाहुण्यांना ते टेहळणीचे बुरूज वाटतात.

आता ओळख कशी पटवायची ते पाहू. विजापूरच्या ईशान्येला बीदरजवळ नौबादची कारेज आहे. दोन किलोमीटरांहून लांब असलेली ही रचना विस्मृतीत गेली होती आणि तिच्यात गाळ भरला होता. भूगोलाचे प्राध्यापक गोविंदनकुट्टी यांनी तिचा माग काढून नकाशा केला आणि २०१५ च्या सुमारास गाळ काढण्याचे काम झाले. तेथे वर सच्छिद्र जांभा आणि खाली घट्ट काळा पाषाण आहे. जांभ्यातून झिरपलेले पाणी पाषाणावर अडते, आणि कारेज नेमकी ते पकडते.

शेतात एका ओळीत तीन-चार “विहिरी” दिसल्या, आणि त्यांना धावही नाही, पायऱ्याही नाहीत, तर कान टवकारा. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन त्यांच्या काठांच्या पातळ्या काढा आणि मोठ्यांच्या मदतीने ओळंबा सोडून तळाची खोली मोजा. समजण्यासाठी काही आकडे घेऊ. पहिल्या विवराचा काठ १००.०० मीटर, खोली ९.४०, म्हणून तळ ९०.६० वर. तीस मीटरवर दुसरा काठ १००.८५, खोली १०.३१, तळ ९०.५४. आणखी तीस मीटरवर तिसरा काठ ९९.९०, खोली ९.४२, तळ ९०.४८. जमीन वर-खाली झाली, पण तळ दर वेळी ६ सेंटिमीटरच उतरला. पाचशेस एक असा हा उतार माणसांच्या चालण्यासाठी कोणी इतक्या काळजीने राखणार नाही; तो पाण्यासाठीच. गाळ साचला असेल तर हिशेब चुकतो, म्हणून तीनपेक्षा जास्त विवरे मोजणे बरे. भिंतीवर ठराविक उंचीला चुनखडीची पांढरी रेघ दिसली तर मग शंकाच नको.

थंडीतली पहाटही उपयोगी पडते. दहा मीटर खोलीवर उन्हाळा-हिवाळा जवळजवळ पोचतच नाही. आपल्या भागात तेथील तापमान बारमाही सुमारे २७ अंश सेल्सिअस राहते. डिसेंबरात बाहेर १५ अंश असताना आतली उबदार, दमट हवा हलकी म्हणून वर येते आणि उच्छ्वासाच्या तोंडाशी धुके धरते. अर्धवट बुजलेले तोंडसुद्धा कधी कधी असे उघडे पडते.

तोंडच उरले नसेल तर विद्युत्‌रोध मोजतात. चार लोखंडी सळया समान अंतरावर एका रेषेत ठोकून बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधला विद्युत्‌दाब मोजायचा. अंतर ५ मीटर, दाब ०.२ व्होल्ट, प्रवाह ०.०५ अँपिअर असेल तर रोध ४ ओहम, आणि जमिनीची रोधकता २ × ३.१४ × ५ × ४ म्हणजे सुमारे १२६ ओहम-मीटर. पोकळ बोगद्यावर हा आकडा वाढतो, ओल्या गाळाने भरलेल्या बोगद्यावर उतरतो. रडारचे यंत्रही मिळते, आणि त्याचे नाव ऐकून सर्वांना तेच हवेसे वाटते. पण सोलापूरकडची काळी चिकण माती रेडिओलहरी शोषून घेते. येथे मला साध्या सळयाच अधिक भरवशाच्या वाटतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. आत उतरू नका. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो आणि तळाशी साचतो. जळती मेणबत्ती सोडून पाहण्याची जुनी रीत पुरेशी नाही, कारण हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू असला तरी ती जळतच राहते. काठही ढासळलेले असतात. ओळंबा सोडताना काठावर ओणवे होऊ नका. लांब वासा आडवा टाकून त्याच्या टोकाच्या कप्पीवरून दोरी सोडा. पातळ्या, खोल्या, अंतरे आणि तारीख वहीत मांडा, शेतमालकाला दाखवा आणि शिक्षकांमार्फत राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा. हे काम कचरा पडण्याआधी व्हायला हवे. एक उच्छ्वास दगडमातीने भरला की खालची वाट अडते, मागे पाणी तुंबते, आणि कोणत्या विवराखाली अडले आहे ते वरून कळायला मग हीच मोजमापे लागतात.