लपविलेले दुखणे : स्त्रियांचे मूत्राशय व ओटीपोटाच्या तळाचे विकार

वार्षिक अहवालात एखाद्या आरोग्यविषयाची ओळख करून देण्याचा आपला प्रघात आहे. यंदाचा विषय असा आहे, की रुग्ण स्त्री त्याचा उच्चार स्वतःच्या घरातही सहसा करीत नाही. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक हे त्याचे क्षेत्र नव्हे. तथापि केसपेपरवर तक्रार ‘कंबरदुखी’ अशी लिहिली जाते आणि तपासणीअंती खरे दुखणे ‘अंग बाहेर येणे’ अथवा लघवीवर ताबा न राहणे हे निघते, असा अनुभव वारंवार येतो.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जणू एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांचा भार ती पेलते. बाळंतपणे, वाढते वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता, स्थूलता आणि वर्षानुवर्षे उचललेली ओझी यांमुळे ती सैल पडते. मग खोकताना वा शिंकताना लघवी निसटते, किंवा गर्भाशय खाली सरकते. काही स्त्रियांना मात्र अकस्मात अनावर घाई होते; तेथे बहुधा मूत्राशयाचे अवेळी आकुंचन कारणीभूत असते. दोहोंचे उपचार भिन्न असल्यामुळे प्रथम नेमके निदान व्हावे लागते.

स्त्रियांची अशी दुखणी किती झाकलेली राहतात, हे डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांच्या गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यासाने जगापुढे आले. दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या या पाहणीचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व प्रकारचे स्त्रीरोग धरून ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही विकार आढळला. त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या.

उपचारांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत कार्य केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी, गर्भाशय न काढता त्यास पट्टीचा आधार देऊन माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीशी बांधण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांना तिचा मोठा लाभ झाला.

मात्र प्रत्येकीस शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. लघवीची तपासणी, मधुमेहाची चाचणी आणि तीन दिवसांच्या लघवीच्या वेळांची नोंद यांवरून पुष्कळ उलगडा होतो. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली मांडलेले स्नायूंचे व्यायाम आजही प्राथमिक उपचार मानले जातात. ते जाणकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून किमान तीन महिने नियमित करावे लागतात. घाईच्या तक्रारीत मूत्राशयाला वळण लावणे व औषधे, तर अंग बाहेर येत असल्यास आधाराची रिंग, हेही पर्याय आहेत. लघवीत रक्त दिसल्यास मात्र विलंब करू नये.

देणगीदारांस येथे एक नम्र निवेदन. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. फिजिओथेरपिस्टने एका संकोचलेल्या स्त्रीस दिलेल्या अर्ध्या तासावर ती लावता येत नाही. या उपचाराचा प्रमुख खर्च मात्र त्या अर्ध्या तासाचाच आहे. चार घरची धुणीभांडी करणारी स्त्री रोजंदारी बुडवून पुन्हा पुन्हा येऊ शकत नाही. तिच्या बसभाड्याची तरतूदही उपचारांइतकीच मोलाची ठरते.

मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार २००६ पासून धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखीव असतात. नातेवाइकांनी उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका घेऊन समाजसेवा विभागास अवश्य भेटावे.

आई वा सासूबाई प्रवास टाळू लागल्या, लग्नकार्यास जाईनाशा झाल्या, पाणी कमी पिऊ लागल्या, तर ‘वय झाले’ असे म्हणून सोडून देऊ नये. हळुवारपणे विचारावे आणि सोबत घेऊन यावे. उपचारांचा प्रारंभ त्या विचारण्यापासूनच होतो.