पक्षाघाताचा रुग्ण आणि स्नायूंची शिल्लक

आमच्या थोरल्या चुलत्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. रुग्णालयातून घरी आणल्यावर आम्ही सर्वांनी मनोभावे सेवा केली. सेवा म्हणजे काय, तर त्यांना उठूच दिले नाही. कूस आम्ही बदलायची, पेज आम्ही भरवायची. भेटायला येणारा प्रत्येक जण "पडून राहा, आराम करा" एवढेच सांगून जाई. महिन्याभराने फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना उभे करून पाहिले, तेव्हा त्यांच्या धडधाकट डाव्या पायालाही शरीराचा भार पेलवेना. ही चूक सर्वस्वी आमची. ती इतर कुटुंबांत घडू नये म्हणून हा लेखनप्रपंच.

पक्षाघातात इजा होते ती मेंदूला. तेथील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. स्नायू मुळात शाबूत असतात, पण मेंदूचा हुकूम येत नाही म्हणून ते वापराविना पडून राहतात. त्यात गिळण्याचा त्रास असला तर आहार घटतो आणि शरीर स्वतःच्याच स्नायूंतील प्रथिने मोडून खर्च करू लागते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, भरणा बंद आणि उचल चालू!

त्यातून आपल्याकडे मूळ शिल्लकच बेताची. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. ही बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा लहानखुरी, स्नायूंनी कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून असलेली आढळली. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. तेव्हा वजनाचा काटा ठीक दिसतो म्हणून स्नायूही ठीक असतील, असे धरून चालू नये.

घरी करता येण्याजोगी परीक्षा सोपी आहे. शिंप्याची टेप घेऊन चांगल्या पायाच्या पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजावा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषानुसार पुरुषाचा घेर ३४ आणि स्त्रीचा ३३ सेंटीमीटरहून कमी भरल्यास स्नायू घटल्याची शंका घ्यावी व डॉक्टरांना सांगावे. पायाला सूज असेल तर माप फसवे येते.

मात्र घाईही नको. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या चोवीस तासांतच उठवून जास्त वेळ व पुनःपुन्हा हालचाल करवलेल्या रुग्णांची प्रगती नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी दिसली. म्हणून कधी बसवायचे, किती वेळ उभे करायचे, हे डॉक्टरांनाच विचारावे. पण विचारावे जरूर! आम्ही विचारलेच नव्हते.

आहाराचेही तेच. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा देऊ नये. ते फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. तपासणीनंतर नुसत्या पेजेवर ठेवू नये. आजारी वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टर सांगतील तितकी. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात. घट्ट वरण, दही, मऊ शिजवलेली मासळी हेही चालते.

चुलते आता काठी घेऊन दारापर्यंत येतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही त्यांची पोटरी मोजतो. गेल्या खेपेस ३२ सेंटीमीटर भरली.