चेहरा बदलण्याआधी

बुलढाणा

मुलगी पाहायला आलेल्या स्थळाकडच्यांनी नाव ठेवल्यामुळे माझी भाची नाकाची शस्त्रक्रिया करून घेण्याच्या विचारात आहे, तिच्यासाठी हे पत्र.

अपघात, भाजणे, कर्करोग किंवा जन्मजात व्यंग यांमुळे बिघडलेला अवयव पुन्हा घडवणारी ती पुनर्रचना शस्त्रक्रिया आणि निरोगी अवयवाचे केवळ रूप बदलणारी ती सौंदर्य शस्त्रक्रिया. लोक दोन्हींना प्लॅस्टिक सर्जरीच म्हणतात. परंतु पहिलीत रुग्णाला गमावलेले काही परत मिळते, तर दुसरीत धडधाकट शरीरावर स्वेच्छेने जखम करून घेतली जाते, म्हणून दुसरीचा निर्णय अधिक कठोर कसोटीवर घासून पाहावा लागतो.

या शास्त्राचे मराठी मुलखाशी जुने नाते आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठा माणसाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले आणि वर्षभराहून अधिक काळाने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने ते नव्याने घडवले. मेणाचा साचा घेऊन तो कपाळावर आखायचा, तेवढी त्वचा सोडवून भुवयांमधल्या चिंचोळ्या पट्टीच्या आधारे जिवंत ठेवत खाली वळवायची आणि नाकाच्या जागी ती रुजल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, पट्टी कापायची, अशी ती रीत होती. लंडनच्या एका मासिकात १७९४ साली ही हकीकत छापून आली आणि तिच्याच आधारे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तिथे तशी शस्त्रक्रिया केली. विदर्भाचा वाटा तर आणखी जवळचा आहे, कारण भारतातील प्लॅस्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उभारला. माणसाला चारचौघांत पुन्हा तोंड दाखवता यावे, हे त्या कामाचे मोल होते, आणि भाजून आखडलेली मान मोकळी होते किंवा फाटलेला ओठ जुळतो तेव्हा ते आजही तेवढेच आहे.

आता हीच विद्या मासिक हप्त्यांवर मिळते, तिच्या जाहिराती मोबाईलवर दिसतात, आणि केस रोपणाची केंद्रे इतकी वाढली की, कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवरून हे कौशल्य येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये बजावावे लागले.

रूपावरचा घाव किती खोल जातो, हे बुलढाणा जिल्ह्याने नुकतेच पाहिले आहे. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत झडले आणि त्या दुःखात भर पडली ती लोकांच्या नजरेची. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून रेशनच्या गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याच्या अतिरिक्त प्रमाणाकडे बोट दाखवले. तिथे केस रोपणाने काय साधले असते? दिसणाऱ्या उणिवेचे कारण शोधल्याशिवाय तिच्यावर शस्त्र चालवू नये, हा बोध भाचीनेही घ्यावा, कारण तिच्या नाकाला कसलाही आजार नाही. जे कारण आहे ते तिला पाहायला आलेल्यांच्या बोलण्यात आहे.

तरीही वर्षानुवर्षे स्वतःच्याच मनात तीच इच्छा असेल, तर ती हलकी मानण्याचे कारण नाही. अशा वेळी प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी (आता डीआरएनबी) ही पदवी व वैद्यक परिषदेची नोंदणी असलेल्या शल्यविशारदाकडेच जावे, भूल कोण देणार हे विचारावे, आणि हाड व कूर्चा, म्हणजे नाकाच्या टोकाला आकार देणारे लवचिक ऊतक, यांवरील शस्त्रक्रियेची सूज पूर्ण ओसरायला वर्ष लागू शकते, हे जाणून घ्यावे. लग्नाच्या तारखेआधी सारे उरकून देतो म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा.

नाकावरून अडलेल्या त्या स्थळाला मात्र भाचीने निःसंकोच नकार कळवावा. घरातली वडील माणसे तिच्या पाठीशी आहेत.

कळावे.
मामा