वाळण्याचा वेळ

नवीन पनवेल,
१२ जुलै

चि. मनू,


रविवारी नेरूळला आलो, तेव्हा तू हेअर ड्रायर घेऊन कॅनव्हासपाशी बसली होतीस. चार माणसांत बोलणं बरं वाटलं नाही, म्हणून लिहितो आहे.

दारं-खिडक्यांचा एनॅमल तू चित्रासाठी घेतलास, याचा मला आनंदच आहे. ‘हा काय चित्राचा रंग आहे?’ असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याच रायगडातल्या नागावला १९३६ साली जन्मलेल्या प्रभाकर बरव्यांनी आपली कितीतरी महत्त्वाची चित्रं एनॅमलमध्येच केली. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ वाचलं नसशील तर माझी प्रत घेऊन जा.

पण हा रंग वाळतो कसा, ते समजून घे. जलरंगातलं पाणी उडालं की झालं. एनॅमलमधलं टर्पेंटाइन आधी उडतं, मग उरलेला तेलकट भाग हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश घट्ट होतो. हवा वरूनच लागते, म्हणून वर साय धरते आणि आत रंग ओला राहतो. ड्रायरने तू फक्त साय वाळवतेस. त्यावर घाईने दुसरा हात दिलास की नवं टर्पेंटाइन आत मुरतं, साय फुगते, सुरकुत्या पडतात.

हे मी भोगलं आहे. तुझ्या वयात, प्रदर्शनाची तारीख गाठायला, भर पावसात दोन दिवसांत तीन हात दिले आणि चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून लोकलने नेलं. उघडलं तर निम्मा रंग प्लास्टिकला चिकटून आला. त्यात निळ्याखालून उमटलेला एक करडा होता. तो मला पुन्हा कधीच साधला नाही.

म्हणून हात पातळ दे. कॅनव्हास आडवा ठेव, चारही बाजूंना विटा मांडून वर फळी टाक. हवा खेळेल, धूळ बसणार नाही. खाडीकडची हवा पावसाळ्यात दमट असते, तेव्हा डब्यावर लिहिलेल्या तासांवर विसंबू नकोस. कोपऱ्यात नख दाबून पाहा. खूण उमटली तर थांब. वाळलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नकोस, अंधारात पांढरा पिवळा पडतो. खिडक्या उघड्या ठेव. आणि रंगाच्या चिंध्यांचा बोळा कधीही कोपऱ्यात टाकू नकोस. तेल सुकताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात बुडव.

आता मुख्य गोष्ट. माणसाचा चेहरा काढताना नाक चुकलं तर कोणीही सांगेल. तुझ्या चित्रात नाक नाही, झाड नाही. कुठे चुकलं, कुठे थांबायचं, हे दाखवायला बाहेरचं काहीच नाही. ते बघत बसल्यावरच कळतं, आणि तेवढा वेळ हा रंगच तुला देतो आहे. तो तू ड्रायरने उडवून लावू नकोस.

वासुदेव गायतोंडे रोलर आणि सुरीने तैलरंगाचे थर चढवत, काढत. वर्षाकाठी त्यांची पाच-सहाच चित्रं होत. बाकीचे महिने त्यांचा हात थांबलेला असेल, चित्र थांबलेलं नव्हतं.

तेव्हा जमिनीवरच्या त्या मोठ्या कॅनव्हासला गणपतीपर्यंत हात लावू नकोस. रोज सकाळी दिवा न लावता दहा मिनिटं त्याच्यासमोर बस. डाव्या अंगाचा काळा तुला आज जड वाटतो आहे. महिन्याने तो तसाच वाटतो का, ते वहीत लिही. गणपतीला मी येईन, तेव्हा आधी वही दाखव, मग चित्र.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा